गाडी हाताला कशी लागते? हँडलिंग आणि बांधणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुण्यात गाडी चालवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. कुणी नवी गाडी घेण्याआधी विचारतं, कुणी पावसाळा संपल्यावर, कुणी घाटातून येऊन. शक्य तिथे आकडे दिले आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरा.

हँडलिंग म्हणजे नेमकं काय? जोरात चालवणाऱ्यांनीच त्याचा विचार करायचा का?

स्टीअरिंग जेवढं वळवलं तेवढीच गाडी वळली, ब्रेक मारल्यावर सरळ रेषेत थांबली, खड्ड्यातून बाहेर पडल्यावर एका हेलकाव्यात सावरली, तर हँडलिंग चांगलं. यात वेगाचा संबंध थोडाच आहे. कर्वे रस्त्यावर ३० च्या वेगात रिक्षा अचानक आडवी आली, तर गाडी किती नेमकेपणाने बाजूला घेता येते हाही हँडलिंगचाच प्रश्न आहे. ऑफिसला जाऊन-येऊन गाडी चालवणाऱ्याला त्याची गरज रोज पडते.

आमचं ठाम मत असं की, गाडी हाताला कशी लागते यातला मोठा वाटा टायर, टायरातली हवा आणि सस्पेन्शनमधली (चाकं आणि सांगाडा जोडणाऱ्या स्प्रिंग-दांड्यांमधली) रबरं यांचा असतो. इंजिन आणि ब्रँड त्यानंतर येतात. त्यामुळे इथली बरीच उत्तरं फिरून फिरून याच तीन गोष्टींवर येतील.

टेस्ट ड्राइव्ह घेताना गाडी कुठून न्यावी आणि काय बघावं?

शोरूमवाले देतात तो दहा मिनिटांचा गुळगुळीत फेरा पुरेसा नाही. किमान चाळीस मिनिटं मागून घ्या. घरी मागच्या सीटवर जे बसणार आहेत, त्यांनाही सोबत न्या.

निघण्याआधी हवा तपासायला लावा. कारखान्यातून गाड्या बऱ्याचदा जास्त हवा भरून पाठवतात. ती तशीच राहिली असेल तर चांगली गाडीही दगडासारखी कडक वाटते आणि तुम्ही उगाच ती नाकारता.

मग सीट लावा. क्लच (ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक) पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकवून हात समोर ताणला की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टीअरिंग यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं, कारण एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते. सीट नीट लावल्याशिवाय स्टीअरिंगबद्दल मत बनवू नका. लांब बसलेल्या माणसाला प्रत्येक स्टीअरिंग जड वाटतं.

पहिला टप्पा गल्लीचा. २० च्या वेगात, काचा बंद करून, रेडिओ आणि एसीचा पंखा बंद ठेवून खराब रस्त्यावरून जा. खड्ड्याचा आवाज एकदाच, दबका आला तर ठीक. धक्क्यानंतर डॅशबोर्ड किंवा मागची डिकी वाजत राहिली, तर ती नव्या गाडीची खूण नव्हे.

दुसरा टप्पा लांब, एकसारख्या वळणाचा. चांदणी चौकातले रॅम्प यासाठी चांगले आहेत. ४० चा वेग धरा आणि स्टीअरिंग एका जागी स्थिर ठेवा. गाडी सुरुवातीला थोडी कलेल, मग कललेलीच स्थिर राहील. वळण चालू असताना पुन्हा पुन्हा स्टीअरिंग सावरावं लागत असेल, तर पुढची चाकं तुमचं ऐकत नाहीत असं समजा.

तिसरा टप्पा बायपासचा. ८० च्या वेगात सरळ जाताना स्टीअरिंग मध्यावर ठेवून बघा. डावी-उजवीकडे किंचित हलवल्यावर गाडी लगेच प्रतिसाद देते, की मध्ये एक मेलेला पट्टा जाणवतो? शेजारून ट्रक गेला की गाडी किती ढकलली जाते? उड्डाणपुलाच्या जोडांवरून जाताना मागे बसलेल्यांना विचारा, धक्का कमरेला लागतो का. मागचं सस्पेन्शन ड्रायव्हरला कळत नाही, ते मागच्यांनाच कळतं.

शेवटी, मागे कुणी नाही याची खात्री करून, ६० वरून २० पर्यंत जरा जोरात ब्रेक मारा. नाक किती खाली जातं, गाडी एका बाजूला खेचते का, आणि ब्रेक सोडल्यावर मागचा भाग किती वेळ डुलतो, हे बघा.

स्टीअरिंग हलकं चांगलं की जड?

पार्किंगमध्ये हलकं आणि ८० च्या वर घट्ट, हे योग्य. आजच्या बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असतं. एक मोटर स्टीअरिंगला मदत करते आणि वेग वाढला की मदत कमी करते. जुन्या तेलाच्या पॉवर स्टीअरिंगमध्ये रस्त्याचा खरखरीतपणा हाताला जास्त कळायचा. मोटर आल्यावर तो बराच गाळला गेला.

वजनापेक्षा स्टीअरिंग परत येतं का, हे बघणं महत्त्वाचं. चौकातून वळल्यावर पकड सैल केली की चाक आपोआप मध्याकडे सरकायला हवं. हे कॅस्टर नावाच्या कोनामुळे होतं. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो आणि त्यामुळे ती सरळ धावते, तीच ही गोष्ट. स्टीअरिंग परत येत नसेल तर आधी पुढच्या टायरांतली हवा बघा, मग स्ट्रटच्या (पुढच्या चाकावरचा, स्प्रिंग आणि धक्के शोषणारा शॉकअप असलेला खांब) वरचं माउंट बेअरिंग. हे बेअरिंग अडकलं की उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना बोनेटच्या कडेला ‘टण्ण’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो.

दार ‘ठप्प’ असं बंद झालं की गाडी मजबूत समजायची का?

नाही. हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे, म्हणून जरा सविस्तर.

दाराचा आवाज तीन गोष्टींवर ठरतो: कुलपाची कडी, दाराभोवतीचं रबर आणि दाराच्या आत चिकटवलेल्या डांबरासारख्या जाड पट्ट्या. या पट्ट्या पत्र्याची झणझण मारतात. तीच पट्टी स्वस्त गाडीच्या दारात लावली तरी आवाज भारदस्त होतो. अपघातात तुम्हाला वाचवायला त्या आवाजाचा काहीही उपयोग नाही.

बाहेरचा पत्रा अंगठ्याने दाबून बघणारेही पुष्कळ आहेत. बहुतेक गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. महागड्या गाड्याही याला अपवाद नाहीत. तो कातडीसारखा आहे, भार हाडं घेतात. ही हाडं म्हणजे दारांमधले खांब, छताच्या कडा, दाराखालची पेटी आणि पुढच्या बाजूचे दोन लांब दांडे. यातले खांब बऱ्याचदा तापवून साच्यात दाबलेल्या बोरॉन पोलादाचे असतात आणि त्यांची ताकद साध्या पत्र्याच्या कित्येक पट असते. पुढचा भाग मात्र मुद्दाम चुरगळणारा बनवतात. तो चुरगळताना धडकेचा जोर गिळतो, म्हणून तो आतल्या माणसांपर्यंत कमी पोचतो. अपघातात बोनेटची घडी झाली आणि दारं सहज उघडली, तर गाडीने आपलं काम केलं.

बांधणीचा घट्टपणा मात्र चालकाला जाणवतो आणि तपासताही येतो. एक चाक फुटपाथच्या उतरत्या कडेवर चढवून गाडी तिरकी उभी करा, हँडब्रेक लावा, मग चारही दारं आणि डिकी उघडून-बंद करून बघा. सपाटीवर जशी लागत होती तशीच लागली तर सांगाडा पिळला जात नाही. दार घासलं, वर-खाली अडकलं किंवा रबर चरचरलं, तर सांगाडा पिळतो आहे. अशी गाडी काही वर्षांनी खराब रस्त्यावर कुरकुरायला लागते.

मग मजबुती ओळखायची कशी?

क्रॅश टेस्टच्या निकालावरून. भारत एनकॅप (गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी आपली क्रॅश टेस्ट) ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं. त्यात समोरून ६४ किमी वेगाने गाडीचा एका बाजूचा भाग अडथळ्यावर आदळवतात, ५० किमी वेगाने बाजूने धडक देतात, आणि जास्त ताऱ्यांसाठी २९ किमी वेगाने बाजू खांबावर आदळवतात. प्रौढांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ गुण असतात. तारे बघून थांबू नका, मुलांचे गुण वेगळे वाचा. त्याआधीचे निकाल ग्लोबल एनकॅपचे आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी टाटा नेक्सॉन होती. ग्लोबल एनकॅपच्या अहवालात बॉडीशेल (गाडीचा सांगाडा) स्थिर राहिलं की अस्थिर झालं, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. ती ओळ आवर्जून शोधा.

वाहनांच्या चाचण्या करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आपल्याच कोथरूडच्या टेकडीवर आहे. टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्यांनाही तिथे नेमकं काय चालतं हे बऱ्याचदा ठाऊक नसतं.

जुनी गाडी घेताना ती ठोकलेली आहे का, हे कसं कळेल?

बोनेट आणि पुढचे मडगार्ड यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. फट ३ मिलिमीटर असो की ५, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर संशय घ्या. मडगार्ड आणि बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. पान्याने रंग खरवडला असेल तर ते कधीतरी काढले गेले आहेत. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या पत्र्यावर सुरकुती आहे का ते हाताने चाचपा. दाराच्या चौकटीवरचं रबर ओढून काढलं की कारखान्यातले गोल स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर दिसतात. ते गायब असतील किंवा वर जाडसर सीलंट फासलेलं असेल, तर ती गाडी सोडून द्या.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. २५०-३०० च्या पुढे आकडा गेला तर पुन्हा रंगवलंय, आणि हजाराच्या आसपास गेला तर खाली पुट्टी आहे. एकच दार पुन्हा रंगवलेलं असणं पुण्याच्या पार्किंगमध्ये साहजिक आहे. खांब किंवा छताची कड रंगवलेली असेल तर ते गंभीर आहे.

टायरात हवा नेमकी किती ठेवायची? पंपावरचा मुलगा सरसकट ३५ भरतो.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर स्टिकर असतो. त्यावर कमी भारासाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा आकडा असतो, बऱ्याचदा पुढे-मागे वेगवेगळा. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल आकडा त्या टायरची मर्यादा आहे. तुमच्या गाडीसाठी किती भरायची, ते स्टिकरच सांगतो.

हवा थंड टायरवर मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरपेक्षा कमी चालली असताना. चालून गरम झालेल्या टायरात ३ ते ५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसतात. ते बघून हवा काढली तर सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. तापमान ५-६ अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो. त्यामुळे मे महिन्यात दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे ४-५ ने कमी भरते, पंक्चर नसतानाही.

कमी-जास्तीचा परिणाम हाताला असा लागतो: ४-५ पीएसआय कमी असेल तर स्टीअरिंग जड होतं, गाडी वळणात उशिरा वळते, टायरच्या दोन्ही कडा झिजतात. द्रुतगती मार्गावर यातला सगळ्यात मोठा धोका टायर फुटण्याचा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, आतून तापतो, आणि मुंबईपर्यंतच्या काँक्रीटवर सलग तासभर तसा तापत राहतो. हवा जास्त असेल तर गाडी टणटण उडते, टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

घरी एक हवा मोजायचं गेज ठेवा आणि पंधरा दिवसांनी मोजा. सगळ्या गाडीत याच्याइतका स्वस्त आणि फरक पाडणारा दुसरा उपाय नाही. स्टेपनी विसरू नका.

नायट्रोजन भरावा का?

फुकट मिळत असेल तर भरा. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन आहे म्हणून हवा मोजणं टाळू मात्र नका.

गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट करूनही फरक पडला नाही.

आधी रस्ता बघा. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी थोडी डावीकडे जाणारच. तपासणी सपाट रस्त्यावरच करा.

तरीही ओढत असेल तर चारही टायरांतली हवा सारखी करा. मग पुढचे दोन टायर आपसात अदलाबदल करा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका). ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा आहे, अलाइनमेंटचा नाही. बाजू तीच राहिली तर अलाइनमेंट (चाकांचे कोन), लोअर आर्मचा (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश म्हणजे रबरी सांधा, किंवा अडकलेला ब्रेक कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग).

कॅलिपर अडकलाय का, हे कळायला पाच-सहा किलोमीटर जाऊन थांबा आणि तळहात दोन्ही पुढच्या रिमच्या जवळ न्या. हात लावू नका. एका बाजूची धग जास्त जाणवली आणि जळका वास आला, तर कॅलिपर तिकडे सुटत नाहीये. फक्त ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर कॅलिपर आणि लोअर आर्मचा मागचा बुश, दोन्ही बघायला सांगा.

८०-९० च्या वेगात स्टीअरिंग थरथरतं. काय करावं?

थरथर हातात जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये जाणवली तर मागची. कारण बहुतेक वेळा व्हील बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडून सारखं असण्याचं) असतं.

पण पैसे देण्याआधी चाकांच्या आतल्या बाजूला पाण्याचा फवारा मारा. ताम्हिणी किंवा सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन आलं की रिमच्या आत लाल चिखलाचा थर बसतो. वाळून कडक झालेला तो थर चाक असंतुलित करायला पुरेसा आहे. पावसाळ्यातल्या थरथरीच्या कित्येक तक्रारी एवढ्या धुण्याने मिटतात. गाडी महिनाभर उभी असेल तर टायर खालून चपटे होतात आणि पहिले १०-१५ किलोमीटर थरथर येते. तीही आपोआप जाते.

बॅलन्सिंगनंतरही राहिली तर रिम वाकला आहे का, हे मशीनवर फिरवून बघायला लावा. फक्त पिकअप घेताना थरथरत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट. ब्रेक मारतानाच थरथरत असेल तर डिस्कची जाडी एकसारखी राहिलेली नाही.

अलाइनमेंट किती किलोमीटरने? आणि ते नीट झालं हे कसं समजायचं?

पुण्यातले रस्ते बघता ८ ते १० हजार किलोमीटरला, आणि मोठ्या खड्ड्यात आपटल्यावर लगेच. टायरची अदलाबदलही त्याच वेळी करून घ्या. काम सुरू करण्याआधीचा आणि झाल्यावरचा, असे दोन्ही कागद मागा. देत नसतील तर दुसरं दुकान बघा. सैल बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) किंवा टाय रॉड एंड (स्टीअरिंगचं वळण चाकाला देणाऱ्या दांड्याचं टोक) आधी न बदलता केलेलं अलाइनमेंट दोन दिवसही टिकत नाही.

तुमचा हातही बरंच सांगतो. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा, आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं टोचलं, तर टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला आहे. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे लागले, तर शॉकअप गेले आहेत. आतली कड बघण्यासाठी स्टीअरिंग पूर्ण वळवून मग वाकून बघा. बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर आतून तारा दिसेपर्यंत गेलेला असू शकतो.

खराब रस्त्यावर पुढून खटखट येते. गॅरेजवाला सगळं सस्पेन्शन बदला म्हणतो.

सगळं एकदम बदलायची गरज क्वचितच पडते. आवाज केव्हा येतो ते आधी टिपून ठेवा. आमच्या मते या पानावरचा सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे, कारण नेमकी तक्रार सांगितली की गॅरेजमध्ये नेमकंच काम होतं.

हळू वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर हलकी कटकट येत असेल तर स्टॅबिलायझर बारचा (वळणात कलणं कमी करणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड. हा भाग स्वस्त असतो आणि तोच सर्वांत आधी जातो. ब्रेक मारल्यावर किंवा रिव्हर्सवरून पुढे निघताना एकदाच ‘धप्प’ झालं तर लोअर आर्मचा बुश. स्टीअरिंग पूर्ण वळवून यू-टर्न घेताना टिकटिक येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असेल, चाकाच्या आतल्या बाजूला काळे डाग दिसतील. वेगासोबत वाढणारी घूं-घूं आली तर व्हील बेअरिंग. लांब डाव्या वळणात घूं-घूं वाढली तर उजवं बेअरिंग बघा, कारण तेव्हा भार उजव्या चाकावर जातो.

गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक हलवून बघता येतं. वर-खाली (१२ आणि ६ वाजता) पकडून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. आडवं (९ आणि ३ वाजता) पकडून हललं तर टाय रॉड एंड.

शॉकअपसाठी गाडीचा कोपरा तीन-चारदा जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक, दोन-तीनदा डुलला तर गेला. दांड्यावर तेल ओघळलेलं दिसलं तरीही गेला. शॉकअप नेहमी जोडीने बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असेल तर वळणात गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते.

आता एक बारकावा, ज्यावर नव्या बुशचं आयुष्य अवलंबून असतं. लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचा भार चाकांवर असायला हवा. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर खाली उतरवल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांतच फाटतं. ‘नवा बुश लगेच गेला’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. गॅरेजमध्ये उभं राहून हे सांगायला संकोच करू नका.

गतिरोधक आणि खड्ड्यावर ब्रेक दाबून जायचं की सोडून?

आधी ब्रेक मारून वेग कमी करा आणि चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली गेलेलं असतं, म्हणजे पुढची स्प्रिंग आधीच अर्धी दबलेली असते. धक्का गिळायला जागाच उरत नाही आणि तो थेट सांगाड्यापर्यंत जातो. टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो.

आमची एसयूव्ही वळणात खूप कलते. उलटेल का?

कलणं आणि पकड सुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ स्प्रिंगची गाडी बरीच कलूनही रस्ता धरून ठेवू शकते. किती कलते यापेक्षा किती पटकन स्थिरावते हे बघा. कलून मग दुसऱ्या बाजूला झोल खात असेल तर शॉकअप तपासा. छतावर कॅरिअर आणि त्यावर सामान असेल तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि हीच गाडी वेगळी वागते. जड बॅगा डिकीत, सीटला टेकवून, खाली ठेवा.

वरंधा किंवा पसरणी घाटात वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक आणि गिअर उरकून घ्या. वळणात अॅक्सिलरेटर हलका आणि एकसारखा ठेवा. नजर बोनेटसमोर न ठेवता वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवा. पुढची चाकं बाहेर सरकत आहेत असं वाटलं, तर आणखी स्टीअरिंग वळवू नका. पाय हळूच उचला, स्टीअरिंग किंचित सरळ करा, पकड परत येते. एकदम पाय काढला किंवा वळणात जोरात ब्रेक दाबला, तर मागचा भाग हलका होऊन घसरू शकतो.

घाट उतरताना ब्रेक मऊ लागतो. पेडल खाली जातं.

ब्रेक तापले आहेत. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं. पुरेसं पाणी शोषलं की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. ऑइल उकळून वाफ झाली की पाय वाफेला दाबतो, ब्रेकला नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, किलोमीटर कमी झाले असले तरी.

उतारावर दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ वापरा. सतत पाय टेकवून ठेवण्याऐवजी ठामपणे दाबा, सोडा, थंड होऊ द्या. न्यूट्रलमध्ये उतरू नका. इंजिनाची रोखणारी ताकद जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नवा कात्रज बोगदा ते नवले पूल हा उतार याच कारणाने अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला. तिथे जड ट्रकच्या पुढे चिकटून चालू नका आणि आरशात मागे लक्ष ठेवा.

खाली पोचल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते. दोन-तीन किलोमीटर हळू चालवणं हाच उपाय.

पावसात गाडी तरंगल्यासारखी होते.

टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकू शकत नसल्या की टायर पाण्याच्या थरावर चढतो. स्टीअरिंग अचानक हलकं झालं, इंजिनाचे आरपीएम वाढले, की हे झालंय असं समजा. पाय उचला, स्टीअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर खोलीची आहे. खाचांमधले छोटे उंचवटे ती दाखवतात. आमचा सल्ला, ३ मिलिमीटर उरले की जूनच्या आधीच बदला.

टायरचं वयही बघा. बाजूच्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं.

मोठे अलॉय लावले तर हँडलिंग सुधारेल का?

थोडं सुधारेल, आरामाची किंमत देऊन. उदाहरण घ्या: १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायरची बाजू १२० मिलिमीटर उंच आणि पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर. त्याऐवजी १९५/५५ आर १६ लावला तर व्यास ६२०.९, म्हणजे स्पीडोमीटर बरोबर राहतो. पण बाजू १०७ मिलिमीटरवर येते. स्टीअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो आणि खड्ड्यात रिम वाकायची शक्यता वाढते. रोज वाघोली किंवा चाकणच्या बाजूला जाणार असाल तर मूळ मापातच चांगल्या प्रतीचा टायर घ्या. व्यास बदलणारं माप घेऊच नका. टायरवर छापलेला भार आणि वेगाचा निर्देशांकही मूळ टायरपेक्षा कमी नको.

गाडी खाली घासते म्हणून स्प्रिंगमध्ये रबराचे बफर घालू का?

नको. बफर स्प्रिंगचे काही वेढे बंद पाडतो. उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो, शॉकअप त्या कडक स्प्रिंगसाठी बनलेला नसतो, आणि गाडी खड्ड्यात उडते. मागचा भाग बसला असेल तर स्प्रिंग थकली आहे. कंपनीची नवी जोडी घाला.

डॅशबोर्ड आणि दारातून करकर येते.

शेजारच्याला गाडी चालवू द्या आणि तुम्ही तळहाताने एकेक भाग दाबत जा. जिथे दाबल्यावर आवाज थांबला तिथेच दोष. प्लास्टिक प्लास्टिकवर घासत असेल तर मध्ये फेल्टची चिकटपट्टी लावा. दाराची रबरं ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. साधं ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर फुगतं. आणि आधी ग्लोव्ह बॉक्स, दाराचे कप्पे, डिकीतला जॅक आणि पाना बघून घ्या. निम्मे आवाज तिथले असतात.

इलेक्ट्रिक गाडी वेगळी का वाटते?

कित्येक शे किलोची बॅटरी जमिनीलगत असते. त्यामुळे गाडी कमी कलते, पण वजन जास्त असल्याने ब्रेक आणि टायरवर भार येतो. टायर लवकर झिजतात. बदलताना भार निर्देशांक मूळचाच ठेवा. पाय उचलल्यावर गाडी रोखणारी रीजनरेशनची (गाडीच्या वेगातून वीज बनवून बॅटरीत परत भरण्याची) ताकद घाटात फार कामाची आहे, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि रोखणं कमी होतं. म्हणून लोणावळ्यात थांबून चार्ज करत असाल आणि पुढे खंडाळ्याचा घाट उतरायचा असेल, तर ८५-९० टक्क्यांवरच प्लग काढा.